सतरा नंबरचा देव

आमच्या गावात संतरामला येडं म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही. वीस वर्षं झाली, बालवाडीतलं लेकरूसुद्धा म्हणतं. मीही म्हणलोय, खोटं कशाला बोलू. कारण सांगतो, मग तुम्हीपण म्हणाल.

दोन हजार पाच साली संतराम बैलजोडी विकायला निघाला. हरण्या आणि चांद्या. दोघंही वयाला आले होते. ते विकायचे, वर थोडी भर घालायची आणि जवान जोडी आणायची, एवढं सरळ काम. बैल विकले गेले. परतीच्या वाटेवर कोणीतरी सांगितलं की एका बंद पडलेल्या कारखान्याच्या सामानाचा लिलाव चाललाय, पाण्याचे पंप मातीमोल जाऊन राहिले. संतराम म्हणजे अख्ख्या पंचक्रोशीचे पंप दुरुस्त करणारा माणूस. पंप म्हणलं की त्याची लाळ गळते. तो पंप बघायला गेला आणि मोटारगाडी घेऊन आला.

जपानी गाडी. कारखाना उभा करायला आलेल्या जपानी साहेबानं जहाजातून आणलेली आणि जाताना टाकून दिलेली. काळपट निळा रंग. बोनेटच्या दोन्ही टोकांना, चाकांच्या वर, शिंगांसारखे उभे केलेले दोन आरसे. गेले दोन बैल आणि आलं हे एक, तेही ट्रॅक्टरच्या मागं दोरखंडानं बांधून.

गाव पारावर जमलं. संतरामनं बोनेट उघडून दाखवलं. आत चकचकीत इंजिन होतं आणि त्याच्या शेजारी पितळेची एक पट्टी, तिच्यावर घोडेस्वार उठवलेला आणि खाली जपानी अक्षरं.

"हे मशीन कारखान्यात झालेलं न्हाई," संतराम म्हणला. "हे कोण्यातरी मानसानं हातानं बांधलंय. एक एक नट बघा. माझं मन सांगून राहिलंय."

"तुमच्या मनाला सांगा, उद्या वखराला ह्याला जुंपा म्हणावं," चतुराबाई म्हणली.

चतुराबाई म्हणजे संतरामची बायको. आवाज पिठाच्या गिरणीसारखा, एकदा सुरू झाली की दळण संपेपर्यंत थांबत नाही. त्या दिवशी तिनं सगळ्या गावासमोर एक वाक्य टाकलं, आणि संतरामचं पुढचं आयुष्य त्या वाक्यापायी नासलं.

"ज्या दिवशी हे डबडं बैलजोडीच्या भावाला लागंल, त्या दिवशी मी पोळ्याच्या तोरणाखाली उभी राहून म्हणीन, माझा नवरा शहाणा हाये. एकदाच म्हणीन. दुसऱ्यांदा न्हाई."

बस. त्या दिवसापासून संतरामला गाडी विकून माडी बांधायची नव्हती की जमीन घ्यायची नव्हती. त्याला ते वाक्य ऐकायचं होतं. महिनाभरात त्यानं गाडी चालू केली. दर रविवारी मारुतीच्या देवळापर्यंत नेऊन परत आणायची. तिचा आवाज असा की म्हशी दूध चोरायच्या आणि शाळेत गुरुजी खडू खाली ठेवून वाट बघायचे.

गाडी चालू झाली त्याच्या तिसऱ्याच रविवारी ती पितळी पट्टी गायब झाली. चार स्क्रूची भोकं तेवढी उरली. संतरामनं गाव डोक्यावर घेतलं. घरोघर विचारलं. विहिरीत गळ टाकला. शेवटी आळ घेतला हरिचंदवर. हरिचंद बैलांची दलाली करतो, सौदे जुळवतो. हरण्या-चांद्याचा सौदाही त्यानंच करून दिला होता. आळ घ्यायला कारण एकच, बोनेटजवळ तो सगळ्यात जास्त वेळ उभा होता. पुरावा काय, तर उभा होता! आमच्याकडं माणसाचा निकाल एवढ्यावर लागतो. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एकाच गल्लीत घरं, एकाच नळावर पाणी, आणि वीस वर्षं शब्द नाही.

आता चतुराबाईची कमाल ऐका. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे सोलवटलेले असतात, ते हळद आणि लोणी लावून चोळायचे, आणि बैलाच्या कानात आवतन द्यायचं. संतरामच्या दारात बैल नव्हते. पहिल्या वर्षी चतुराबाई हळद-लोण्याची वाटी घेऊन बाहेर आली आणि सगळ्या गल्लीला दिसेल अशा रीतीनं गाडीच्या पुढच्या चाकांवरचा पत्रा चोळत बसली.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाया या," ती आरशाला म्हणली.

गल्ली हसून हसून लोळली. नवऱ्याला टोमणा मारायचा म्हणून केलेलं काम, पण बाई एकदा सुरू केलेलं सोडत नाही. दर वर्षी तेच. आधी नुसते खांदे, मग पाठ, मग सगळं अंग. आरशांना गोंडे, टपावर झूल, पुढच्या जाळीला पुरणपोळीचा घास. पोळ्याला गावातल्या बारा जोड्यांच्या मागं संतरामची गाडीही तोरणाला यायला लागली. बाहेरगावचे लोक बघायला यायचे आणि आम्हाला लाज वाटायची.

गेल्या वर्षी त्यांची नात पुनम, हिंगोलीला कॉलेजात शिकते, तिनं ह्या तमाशाचा व्हिडिओ काढून टाकला. तो फिरत फिरत पुण्यात पोचला आणि ह्या वर्षी, बरोबर खांदेमळणीच्या दुपारी, पुण्याहून चिन्मय नावाचा माणूस येऊन धडकला. पस्तिशीचा, गोरा, पायात पांढरे बूट. जुन्या गाड्या गोळा करतो म्हणे. चालवत नाही, गोळा करतो.

तो गल्लीत उतरला तेव्हा चतुराबाई कोपरापर्यंत हळदीनं माखून बोनेट चोळत होती.

"आजी! हात काढा! हात काढा आधी!" चिन्मय किंचाळला.

"काहून ओरडून राहिला रे लेकरा? साप हाय का?"

"तो ओरिजिनल रंग आहे!"

"हळद पण ओरिजिनल हाय. वसमतची. भेसळीची न्हाई लावत मी."

चिन्मयनं पिशवीतून एक छोटं यंत्र काढलं. ते पत्र्यावर टेकवलं की रंगाचा थर किती जाड ते समजतं. त्यानं एक जागा पुसली, टेकवलं, आकडा बघितला. दुसरी जागा पुसली. तिसरी. मग पांढऱ्या बुटांसकट शेणात बसला.

"काय झालं? मेली का?" संतरामनं घाबरून विचारलं.

"काका, हा कारखान्यातून आल्या दिवसाचा रंग आहे. कुठं गंज नाही, कुठं तडा नाही. ह्या वयाच्या गाड्यांचे पत्रे चाळणी झालेले असतात. तुम्ही हिला काय लावता?"

"ती लावते," संतराम बारीक आवाजात म्हणला. "लोणी."

गल्लीत तोवर शंभर माणूस जमलं होतं. चिन्मयनं सगळ्यांना समजावून सांगितलं. जपानात मिझुहारा नावाचा एक म्हातारा कारागीर होता. साध्या गाड्या विकत घ्यायचा, त्यांचं इंजिन उघडायचा, आणि आपल्या हातानं नव्यानं बांधायचा. आयुष्यात त्यानं चाळीस गाड्या बांधल्या. त्यातल्या अकरा उरल्यात. त्या घ्यायला लोक घरं विकतात.

संतराम शांतपणे चतुराबाईकडं वळला. "हातानं बांधलंय म्हणलो होतो का न्हाई?"

"भाव सांगू दे त्याला," ती म्हणली. "अजून भाव न्हाई सांगितला."

मला ह्या गोळा करणाऱ्यांचा राग येतो, तो इथंच सांगून टाकतो. ज्या गाडीत लाखो माणसं बसली, लेकरं दवाखान्यात पोचली, ती भंगारात. आणि जी कोणालाच मिळाली नाही ती सोन्याच्या भावानं. मिळत नाही म्हणून महाग. मग आमच्या गावचं नळाचं पाणी ह्यांनी कोटीला घ्यायला पाहिजे. पण माझं कोण ऐकतंय.

चिन्मयनं बोनेट उघडलं. आत वाकला. आणि बराच वेळ वरच आला नाही. वर आला तेव्हा तोंड उतरलं होतं.

"पट्टी कुठंय? पितळी पट्टी. घोडेस्वाराची."

संतराम म्हणला, "चोरीला गेली. वीस वर्षं झाली."

"अरेरे. मग संपलं. त्या पट्टीच्या मागं गाडीचा नंबर आणि मिझुहाराची सही असते. ती असेल तर ही त्याची गाडी. नसेल तर कोणीही म्हणेल, नुसती जुनी गाडी आहे. लोणी लावलेली."

"तरी पण? तसाच भाव केला तर?"

"सुट्या भागांचे देतो. लाखभर."

गल्लीत सगळ्यांनी मनातल्या मनात हिशोब केला. आजच्या बाजारात बरी बैलजोडी दोन लाखांच्या खाली येत नाही. चतुराबाईनं हळदीचे हात पदराला पुसले आणि हसली. तेवढंच. बोलली असती तर परवडलं असतं, संतरामला तिचं ते हसणं लागलं. तो वळला आणि गर्दीत उभ्या हरिचंदची कॉलर धरली.

"काढ पट्टी! वीस वर्षं गप बसलो. काढ!"

"सोड, संत्या! तुझी पट्टी घेऊन मी काय तिचं लोणचं घालू?"

"तूच उभा होतास!"

"उभा राहायला बंदी हाय का? आरं, सगळं गाव उभं होतं! माझ्या पोराच्या सोयरिकीच्या टायमाला लोकं इचारायचे, हेच का ते पट्टीवाले! तुझ्यापायी!"

"मग घे शपथ! देवासमोर घे!"

"घेतो! तुझ्याच घरातल्या खंडोबाची घेतो. टाक हातात धरून घेतो. चल!"

टाक म्हणजे देवाची पितळेची नाहीतर चांदीची छोटी पट्टी, वर मूर्ती उठवलेली, देव्हाऱ्यात ठेवतात. आमच्याकडं खंडोबाचा टाक हातात घेऊन खोटं बोललं तर जीभ झडते असं मानतात. कोणाची झडलेली मी बघितली नाही, नाहीतर निवडणुकीनंतर अर्धं गाव मुकं झालं असतं.

सगळी गर्दी संतरामच्या घरात घुसली. चिन्मय शेण लागलेले बूट दारात काढून मागं आला. चतुराबाई दारातच थांबली, आणि पहिल्यांदाच मी तिला गप बसलेली बघितली.

हरिचंदनं देव्हाऱ्यातला टाक उचलला. घासून घासून देवाचं तोंड पुसट झालेलं, वरून भंडारा आणि कुंकू. घोडा तेवढा ओळखू येत होता. त्यानं तो कपाळाला लावला, उजव्या तळव्यावर ठेवून हात वर केला.

"मल्हारी मार्तंडाची आण. त्या गाडीतली पट्टी मी घेतली असंल, तर..."

"थांबा!" चिन्मय म्हणला. "हलू नका! हात तसाच ठेवा!"

"आता काय झालं? शपथ तरी पुरी करू दे!"

"चार कोपऱ्यांना चार भोकं कशी? देवाला भोकं असतात का?"

चिन्मयनं हरिचंदच्या तळव्यावरचा टाक उलटा केला. पुढची बाजू वीस वर्षं चिंचेनं घासून गुळगुळीत झाली होती, जपानी अक्षरं कधीच गेली होती. मागची बाजू कोणी घासली नव्हती. हळदीचा थर नखानं खरवडला तर खाली कोरलेला नंबर निघाला, सतरा. आणि त्याच्या शेजारी सही.

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या.

"व्हय, मीच काढला," चतुराबाई म्हणली. "घोड्यावर बसलेला देव त्या इंजिनात तळून राहिला होता! दर रविवारी भडभड भडभड. मला बघवलं न्हाई. भाजीच्या डावाच्या दांड्यानं स्क्रू फिरवले आन् देव्हाऱ्यात आणून बसवला."

"अगं, मी गावभर बोंबलत फिरलो! इहिरीत गळ टाकला! सांगायचं न्हाईस?"

"तुमी पट्टी चोरीला गेली म्हणून बोंबलत होतात. माझ्याकडं पट्टी कुठं होती? माझ्याकडं देव होता."

"इचारलं असतं तर..."

"इचारलं का? सगळ्या गावाला इचारलं. गुरुजीला इचारलं, टपरीवाल्याला इचारलं, हरिचंदभाऊचा गळा धरला. मला इचारलं का एकदा तरी?"

वीस वर्षं त्याच्या ताटात जेवण वाढणारी बाई, तिला विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. आम्ही सगळे खाली बघायला लागलो. संतराम टाक म्हणून ज्याला रोज हात जोडायचा, ती त्याचीच पट्टी होती, पण तो हात जोडतो ते डोळे मिटून आणि डोळे उघडतो ते चहाच्या कपाजवळ.

"म्हणजे मी चोर न्हाई," हरिचंद म्हणला. कोणाचंच त्याच्याकडं लक्ष नव्हतं. "आयका रे कोणीतरी. मी चोर न्हाई!"

"काका, आजी, मी भाव सांगतो," चिन्मय म्हणला.

"असा तोंडी न्हाई," हरिचंद पुढं झाला. "ह्या घरच्या जोडीचा सौदा मीच केला होता. हा पण मीच करणार. रुमाल आणा."

बैलांच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांच्या हातावर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून बोलायचं, म्हणजे बघणाऱ्याला समजत नाही. पुनमनं स्वतःची ओढणी दिली. हरिचंदनं चिन्मयचा हात आत ओढला आणि त्याची तीन बोटं धरली, एक बोट म्हणजे दहा लाख. चिन्मयला वाटलं हा हात मुरगाळतोय. त्यानं घाबरून हरिचंदची पाचही बोटं करकचून आवळली.

"पाच!" हरिचंद ओरडला. "पन्नास लाख! सौदा झाला!"

"अहो नाही, मी फक्त हात सोडवत..."

"रुमालाखालचा भाव फिरत न्हाई, साहेब. हिंगोली जिल्ह्यात तरी न्हाई."

चिन्मयनं कपाळावरचा घाम पुसला. "बरं, राहू द्या," तो हळूच म्हणला. "मी साठपर्यंत जाणार होतो."

हरिचंदचं तोंड त्यानंतर दोन दिवस कडू होतं.

"गाडी न्या," चतुराबाई म्हणली. "देव मिळायचा न्हाई."

"आजी, पट्टीशिवाय गाडीला किंमत नाही!"

"मग देव न्यायचा असंल तर त्याचं सगळं करावं लागंल. रोज दिवा. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा निवद, तळी भरायची, भंडारा उधळायचा. घरात जागरण घालायचं. जमंल का पुण्यात?"

चिन्मयनं खरोखर विचार केला, मी त्याचं तोंड बघत होतो. "सोसायटीत भंडारा उधळू देत नाहीत," तो शेवटी रडवेला होऊन म्हणला.

पण संतरामला ह्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. त्याचं तोंड कापसाच्या बोंडासारखं फुललं होतं.

"विको का न विको. भाव लागला का न्हाई? हरिचंद, तूच सांग. जनावर दावणीचं हललं न्हाई, तरी रुमालाखालचा भाव धरतात का न्हाई?"

हरिचंदनं संतरामकडं बघितलं नाही. भिंतीकडं बघून म्हणला, "धरतात."

"मग उद्या तोरणाखाली," संतराम चतुराबाईला म्हणला.

"म्हणीन की," ती म्हणली. "शब्द दिलाय. एकदाच."

दुसऱ्या दिवशी पोळा. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. बारा जोड्या रांगेत, आणि ह्या वर्षी गावानं स्वतःहून गाडीला सगळ्यात पुढं उभं केलं. कालपर्यंत लाज वाटत होती, आज पन्नास लाख म्हणल्यावर मान मिळाला. थू आमच्या जिनगानीवर. संतराम नवा फेटा बांधून गाडीत बसला होता. रात्रभर झोपला नव्हता. पुनम मोबाईल घेऊन समोर उभी होती, कारण आजोबानं तिला दहादा बजावलं होतं, आवाज बराबर आला पाहिजे. चिन्मय जवळा बाजारला मुक्काम करून सकाळीच आला होता, हात जोडून उभा.

चतुराबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून तोरणाखाली गेली. हलगी थांबली. बैलसुद्धा गप उभे राहिले, खरं सांगतो.

ती तोंड उघडणार, तेवढ्यात थांबली. चिन्मयकडं बघितलं. मग संतरामकडं.

"अवो," ती म्हणली, "पाहुणा पुण्याहून आलाय. त्याला मशीन कसं गरजतं ते अजून ऐकवलं न्हाई तुमी. जरा दाबा की."

संतरामचा ऊर भरून आला. वीस वर्षांत बायकोनं पहिल्यांदा त्या गाडीचं काहीतरी मागितलं होतं. त्यानं किल्ली फिरवली आणि पाय खालपर्यंत दाबला.

मिझुहाराच्या हातचं ते मशीन असं गरजलं की तोरणाची पानं गळून पडली. बारा जोड्या बारा वाटांनी उधळल्या. गुरुजी झाडावर. चिन्मय डोळे मिटून रडत होता. आणि त्या सगळ्या गदारोळात, तोरणाखाली ताठ उभी राहून, संतरामच्या डोळ्यांत बघत, चतुराबाईचे ओठ हलले. एक पूर्ण वाक्य. सावकाश.

संतरामनं घाईनं किल्ली बंद केली.

"म्हणलीस का?"

"म्हणले."

"मला ऐकू न्हाई आलं!"

"तोरणाखाली म्हणीन म्हणले होते. तुमच्या कानात म्हणीन असं न्हाई म्हणले."

"पुन्यांदा म्हण!"

"एकदाच ठरलं होतं," असं म्हणून ती पुरणपोळ्या लाटायला निघून गेली.

संतरामनं पुनमचा मोबाईल हिसकला. व्हिडिओत नुसती घरघर होती. आजीचे ओठ हलतात आणि गाडी गरजते. त्यानं तो अकरा वेळा बघितला. मग तो माणसांना विचारत सुटला. कोणी म्हणलं शहाणा म्हणली, कोणी म्हणलं येडा म्हणली. टपरीवाला म्हणला, ती तर पुरणात गूळ कमी पडला असं म्हणत होती.

गर्दीत तिच्या अगदी शेजारी एकच माणूस उभा होता. हरिचंद. संतराम त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. फेटा सुटून गळ्यात आला होता.

"तू जवळ होतास. तुला ऐकू आलं असंल."

"आलं की," हरिचंद म्हणला. "एक एक शब्द."

"मग सांग ना. काय म्हणली?"

हरिचंदनं तंबाखू मळली. चुना लावला, थाप मारली, चिमूट ओठाखाली ठेवली.

"सांगतो," तो म्हणला. "वीस वर्षांनी."